कापलेली रांग

ग्लासगो, ३ मार्च १९७८
नोकरी लागली! डॉ. लॉरिमरांच्या प्रयोगशाळेत. कोंबड्यांना गाठी आणणाऱ्या विषाणूत कर्करोगाचं जनुक आहे. ते कुठलं प्रथिन बनवतं, ते आम्ही हुडकायचं. गाठ आलेल्या सशाचं रक्त ते प्रथिन बरोबर धरतं आणि एक्स-रेच्या फिल्मवर त्या रक्ताच्या उभ्या रांगेत काळी रेघ उमटते. शेजारची रांग निरोगी माणसाच्या रक्ताची. ती कोरीच राहायला हवी; अंगात गाठ नाही तर रेघ नाही. इथली रीत अशी, की निरोगी रक्त आपल्यातल्याच कुणीतरी द्यायचं, नवीन माणसानं आधी. मी बाही वर केली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नकोस पोरी, तुझ्या रक्तात चहाशिवाय काही सापडायचं नाही.

९ मार्च
माझी फिल्म डॉक्टरांनी स्वतः धुतली. अगदी साफ आहेस म्हणाले.
माझ्या टेबलावर आधी जेसी ड्रेनन बसायची. ससे सांभाळणाऱ्या इफीबाई सांगत होत्या, ती रेघ पहिल्यांदा दिसली जेसीला, आणि शोधनिबंधावर नाव डॉक्टरांचं एकट्याचं! गेल्या वर्षी गाठीनंच गेली बिचारी. तिच्या ड्रॉवरच्या तळाशी फिल्मची कापलेली पट्टी मिळाली. वर लिहिलंय, ‘निरोगी – जे. ड्रेनन’. खाली ठळक काळी रेघ.

१० मार्च
शोधनिबंधात छापलेल्या चित्रात ती रांगच नाही. तिच्या अंगात गाठ आहे हे डॉक्टरांना कळलं होतं. चित्र बिघडू नये म्हणून त्यांनी कात्री चालवली आणि तिला सांगितलं, अगदी साफ. वेळेवर कळतं तर वाचली असती. या माणसाला मी सोडणार नाही.

१७ मार्च
या खेपेला निरोगी रक्त डॉक्टरांचं. रेघ उमटली! मी ती रांग कापली, दिव्यावर जाळली आणि त्यांना सांगितलं, अगदी साफ. खूश होऊन त्यांनी मला बिस्किटांचा डबा पुढे केला. दोन खाल्ली. जराही वाईट वाटलं नाही.

२० मार्च
ड्रॉवरमध्ये दोन पट्ट्या. दुसरी, मी जाळलेली — धड, ओली, आत्ताच धुतल्यासारखी.

२२ मार्च
डॉक्टर खोकतात. सांगू का? अजून वेळ — नको. जेसीला कुणी सांगितलं होतं?

२३ मार्च
तीन पट्ट्या. तिसरीवर माझं नाव, अक्षर जेसीचं. खाली रेघ —
काखेत वाटाण्याएवढं काहीतरी लागतंय —
दारात डॉक्टर. हातात माझी पहिली फिल्म, कडेची रांग कापलेली. हसून म्हणतायत, उगाच काळजी करतेस, अगदी साफ आहेस, पो—