मोनालीचा लव्हाळा

आर्णी, ४ ऑगस्ट २०२४

चि. कौसल्येस दादाचा सप्रेम जयभीम.

इकडली खुशाली अर्धीच आहे. फोन केला असता, पण मोनाली घरात असते आन् गोष्ट तिचीच, म्हणून पांढरकवड्याच्या गाडीवाल्याच्या हाती चिठ्ठी धाडून राह्यलो.

तुही भाची तळं सुधारायच्या संस्थेत लागली, हे तुले माहीतच आहे. बायांसंगं काठचं सारं बेशरमाचं रान उपटलं आन् तळ्याची मूळची रोपं लावली. परवा ती यवतमाळले गेलती. म्हनलं, पोरीची रोपं पाहून यावं. जाऊन पाहतो त रोप एक नाही, काठभर लव्हाळा! आपल्या कपाशीचा जन्माचा वैरी. म्हनलं, पोरीची रोपं गवतानं खाल्ली. विळा घेतला आन् दुपारपर्यंत मुळासकट उपटून काठ साफ केला. मंग घाम पुसत पाटी वाचली. लव्हाळा, चारशे रोपं.

पोरगी आली, रडली. माह्या तोंडून निंगून गेलं, म्हशी आल्या असतीन. तवापासून ती माह्याशी बोलत नाही. अठराले संस्थेचे नागपूरचे साहेब जगलेली रोपं मोजनार. निम्मी भरली नाही त तिचं काम सुटते. काय करू सांग.

तुहा,
गोविंदा

पांढरकवडा, ६ ऑगस्ट

ती. दादास कौसल्येचा जयभीम.

आधी पोट धरून हासली, माफ कर. मंग मोनालीचा चेहरा डोळ्यापुढं आला आन् तुहा लय राग आला. म्हशी कायले मधात आनल्या? त्या उलटून बोलत नाहीत म्हणून?

तुह्या शेताशेजारच्या धावजीच्या नाल्यावर तोच लव्हाळा माजला आहे. वीस वर्षं तू धावजीले चारचौघांत आळशी म्हनला, आता त्याच्याच बांधावर हात जोडून रोपं माग. आन् पोरीले खरं सांग. रोपं नाही जगली तरी चालंल, पण हे टाळू नको.

रागावली तरी मायाच आहे, समजून घे.

कौसल्या

आर्णी, २० ऑगस्ट

चि. कौसल्येस आशीर्वाद.

धावजीनं चहा पाजला, पण त्याच्या नाल्याचं गवत तालुक्यात एक नंबर आहे, असं माह्याकडून वदवून घेतलं. तेही मोबाइलमध्ये भरून. आता सारं गाव ऐकून राह्यलं. पण भला मानूस, माह्याबरोबर चिखलात उतरला. चारशे रोपं दोरी धरून लावली.

पोरीले मात्र सांगनं होईना. रोज सांगायले तोंड उघडलं आन् जेवून घेतलं.

अठराले साहेबांनी मोजलं. तीनशे साठ जगली. काम वाचलं, मी गप राह्यलो असतो त कोनाले कळलं नसतं. पण साहेब गावाचं ऐकून वहीत म्हशींचं नुकसान लिहायले लागले आन् मले राहवलं नाही. साऱ्यांपुढं सांगतलं, म्हशी नाही, मीच होतो.

साहेब हासू लागले. मोनाली म्हने, पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हैस गाठीसकट उपटत नाही, आन् उपटलेल्याच्या जुड्या बांधून बांधावर ठेवत नाही. मंग हळूच म्हने, रोपं पुन्हा लावता आली असती बाबा, मी रडली ती तुम्ही मले खोटं सांगतलं म्हणून.

मी तिथंच काठावर बसून रडलो, कौसल्या. पोरीनं ओढणीनं माहे डोळे पुसले आन् पंधरा दिवसांनी मले जेवायले हाक मारली.

पोळ्याले ये. लोभ ठेव.

तुहा,
दादा