उकळलेली नळी

२ जानेवारी
संकल्प: संशोधनाचा पेपर यंदा जाणार म्हणजे जाणारच. भोपळ्याच्या बियांत मला सापडलेलं एन्झाइम नऊ वर्षं जगासमोर यायचं थांबलंय. जगाचंच नुकसान. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना तसं सांगितलं. मुलं गप्प झाली. भारावली असावीत.

९ जानेवारी
बियांच्या अर्कात रसायन घातलं, नळीत झकास पिवळा रंग. म्हणजे एन्झाइम जोमात. नळी लॅबभर मिरवली. शंकासुर मात्र खाली मान घालून. (वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. प्रश्न फार विचारते, म्हणून मीच ठेवलेलं नाव.) हल्ली प्रश्नही विचारत नाही. माझा धाक.

२० जानेवारी
पेपर पाठवला. बायको म्हणाली, बरं झालं, आता रविवारी तरी घरी असाल. हिला विज्ञानातलं काय कळतंय!

२ मार्च
पेपर परत. परीक्षक विचारतो, एन्झाइम उकळून मारल्यावर रंग येत नाही, हे तपासलंत का? मला विचारतो! पहिल्या वर्षाला पहिल्याच तासाला मी तेच घोकून घेतो: आधी उकळलेली नळी लावा, मग तोंड उघडा. स्वतः लावली नाही, कारण गरजच नव्हती. पोटच्या पोराची कुणी डीएनए टेस्ट करतं का?

३ मार्च
उत्तर लिहायला घेतलं. नम्र, पण झोंबणारं.

१० मार्च
झोंबतंय. नम्र काही होईना. त्यापेक्षा नळीच लावतो, एकदाचं तोंड बंद. शंकासुर म्हणाली, सर, मी लावते, तुम्ही घरी जा. दोनदा म्हणाली. गुणी पोर. पण नाही, मी स्वतः.

११ मार्च, दुपारी ४
उकळलेली नळीही पिवळी. नीट उकळली नसणार.

१२ मार्च
वीस मिनिटं उकळली. पिवळी. पाणी खराब.

१४ मार्च
बिया घातल्याच नाहीत. नुसतं रसायन कोमट पाण्यात ठेवलं. पिवळं. तितकंच झकास.

म्हणजे एन्झाइम नाही. नव्हतंच कधी.

१५ मार्च
शंकासुरला बोलावून सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. तिने वही उघडून दाखवली. तिने उकळलेली नळी सप्टेंबरातच लावली होती. तारीख, वेळ, आकडे, सगळं चोख. बोलली का नाहीस, विचारलं. तर म्हणे सीनियर्सनी बजावलं होतं. त्यांना त्यांच्या सीनियर्सनी. दर वर्षी कुणीतरी गुपचूप लावून बघतंच.

"रंग आला की तुम्ही इतके खूश व्हायचात, सर. कुणाच्याच्याने सांगवेना."

मग ती रडायला लागली. मीच तिची समजूत काढत बसलो.

नऊ बॅचेस. सगळ्यांनी प्रयोग अचूक केला आणि मला कळू दिलं नाही. रागवावं तर कुणावर? मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

१६ मार्च
प्रॅक्टिकलला येऊ नका, असा निरोप मुलांना मीच दिला होता. तरी दोनला लॅब उघडून बसलो. कुणी आलं नाही. तीनला घरी. इतक्या लवकर कसे, असं बायकोने विचारलं नाही. गुमान चहा ठेवला, शेजारी येऊन बसली. तुलाही माहीत होतं का, असं विचारणार होतो.

विचारलं नाही.