उखाण्यातलं नाव

रविवार, संध्याकाळ. पोराकडे, कोकणात.

आज आम्ही दोघं समुद्राच्या काठाकाठाने लाईटहाऊसपर्यंत गेलो. हे पुढे, मी मागे, गावी असोद्यात शेतात जातो तसंच. यांना हल्ली विसर पडतो, म्हणून मी यांच्यावरची नजर हटवत नाही. चपलेतली वाळू झटकायला जरा बसले, तर हे सरळ पाण्याकडे निघाले. भरती चढत होती.

"अहो, कुठी चालले?" मी ओरडले. लोकांचे नवरे वळून बघायला लागले, माझा नाही. मग काय करणार? लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं ते नाव घेतलं. "सोपान! ओ सोपान!" घसा फुटेस्तोवर.

गुडघाभर पाण्यात जाऊन दंड धरला, तर म्हणतात, "कोणाले हाका मारत होती वं? सापडला का तो?"

"सापडला. पायजमा भिजवून उभा आहे."

"बरं झालं," म्हणाले, आणि लाईटहाऊसकडे चालायला लागले.

स्वतःचं नाव! माझ्या तोंडून लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं, म्हणून वळले नसतील.

पोराला असंच सांगणार.