दोन मिनिटं चाळीस सेकंद

४ फेब्रुवारी, मंगळवार

विद्यापीठातून फोन. परीक्षा नियंत्रक इंद्रजीत सर, स्वतः! "गंधाली मॅडम, बिलासपूर हायकोर्ट में एक केस लगी है. उसमें आपका भी कोड है. कल आ जाइए, चाय पीते हैं."

कोड म्हणजे परीक्षकाचा नंबर. डिसेंबरात एमडी मेडिसिनचे पेपर तपासले होते, कॉम्प्युटरवर. एक पेपर चौघं तपासतात आणि चौघांची सरासरी धरतात. पास व्हायले पन्नास लागतात.

एका पोट्टीले अठ्ठेचाळीस मिळाले. तिनं माहितीच्या अधिकारात चौघांचे वेगवेगळे गुण काढले. तिघांचे बावन्न, चोपन्न, पंचावन्न. चौथ्याचे एकतीस.

चौथी मी.

५ फेब्रुवारी, बुधवार

चहा आला, पण प्यायची हिंमत झाली नाही. इंद्रजीत सरांनी दार लावलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली. ते सॉफ्टवेअर म्हणे सगळं नोंदवून ठेवते — पेपर किती वाजता उघडला, किती वाजता बंद केला. तीन वर्षं त्याच्यावर पेपर तपासून राहिली मी, मले माहीतच नव्हतं!

बत्तीस पानांची उत्तरपत्रिका. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

"किसी ने मांगा नहीं है मॅडम," सर हळूच म्हणाले. "कोर्ट को मालूम ही नहीं कि ऐसी चीज होती है. आप बस इस पर साइन कर दीजिए."

इंग्रजीत एक पान. अर्थ इतकाच — मी ही उत्तरपत्रिका पूर्ण वाचून, काळजीनं तपासली.

म्हटलं, घरी नेते, वाचून सही करते. "हां हां, आराम से पढ़िए," असं म्हणून ते हसले. मी पण हसली.

काहून हसली मी?

६ फेब्रुवारी, गुरुवार

डिसेंबरातला तो दिवस आठवून पाहून राहिली. काहीच आठवत नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात तपासणीचं पथक येणार होतं, सगळे रजिस्टर माझ्या टेबलावर पडले होते. पाच वाजता लॉगिन बंद होणार होतं. एकोणीस पेपर बाकी — आणि एकोणीसच्या एकोणीस मी पूर्ण केले! पहिलं पान पाहिलं असेल, शेवटचं पाहिलं असेल. अक्षर पाहिलं असेल.

पेशंटकडे एक नजर टाकली की समजते, असं राऊंडवर पोरांसमोर मिरवते मी. तीच नजर असेल.

आज ओपीडीत एका बाईले तीनदा विचारलं, ताप कधीपासून आहे. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे पाहतच राहिली.

८ फेब्रुवारी, शनिवार

शिशिरले सांगितलं शेवटी. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याले न सांगितलेल्या गोष्टी दोन-चारच असतील, ही त्यातली होऊ पाहून राहिली होती. पोहे खाता खाता त्यानंच विचारलं, "काहून अशी घरभर फिरून राहिली तू?"

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणे, "सही करून टाक नं. चौघं होते, तू एकटी थोडी होती! आणि ती पोट्टी सहा महिन्यानं पुन्हा बसेल परीक्षेले. सहा महिन्यानं काय होते?"

मी म्हटलं, "तुले रिटायर व्हायले आठ महिने आहेत. रेल्वेनं आज म्हटलं, नोकरीतले सहा महिने धरले नाहीत, पुन्हा भरा, तर?"

तो उठून गाडी पुसायले गेला. गाडी कालच पुसली होती त्यानं.

९ फेब्रुवारी, रविवार

सही केली. मग फाडला कागद. आता दुसरा मागायचा झाला तर कोणत्या तोंडानं?

१२ फेब्रुवारी, बुधवार

शहराबाहेरच्या भनपुरीले गेली. याचिकेवर त्या पोट्टीचं नाव होतं — श्रावणी. चौकशी केली तर ट्रान्सपोर्ट नगरच्या मागच्या एका नर्सिंग होममध्ये ड्यूटी डॉक्टर म्हणून लागली आहे. आमच्यासारख्याच एका मेडिकल कॉलेजात सीनियर रेसिडेंटची जागा मिळाली होती तिले. निकाल लागला आणि ती जागा गेली.

एका ट्रक ड्रायव्हरच्या पायाले टाके घालून राहिली होती. मी बाकावर बसली. हात चांगला आहे पोरीचा. बोलत बोलत टाके घालते, त्या माणसाले कळलंसुद्धा नाही.

बाहेर आली, मले पेशंट समजली. "हां, बोलिए आंटी."

मी नाव सांगितलं. कोड सांगितला. एकतीस सांगितले. मग वेळ सांगितली.

मले वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "मॅडम, आपने मेरा कौन सा पन्ना देखा था?"

खोटं बोलायले जागाच नव्हती. म्हटलं, बेटा, मले आठवत नाही.

"एक भी नहीं?"

"नाही."

तिनं हातमोजे काढले, डब्यात टाकले. "मैं तो डेढ़ महीने से यही सोच रही हूं कि गलती किस पन्ने पर हुई."

शिशिर बाहेर गाडीत बसला होता. त्यानंच आणलं होतं. घरापाशी गाडी थांबवून म्हणे, "वकिलाचा नंबर घेतला काय तिच्या?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

शपथपत्र केलं. जसं झालं तसं. वेळ, पानं, ती दुपार, ते एकोणीस पेपर. श्रावणीच्या वकिलाले दिलं.

संध्याकाळी इंद्रजीत सरांचा फोन — "मॅडम, आप डूबीं तो डूबीं, हमको भी ले डूबीं."

२० फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षकांच्या यादीतून नाव काढलं. कॉलेजातून खुलासा मागितला. डिपार्टमेंटमध्ये मी शिरली की लोकांले मोबाईल आठवतात. एक जुना सहकारी कॉरिडॉरमध्ये म्हणाला, "इतना तो सब करते हैं, गंधाली. कहता कौन है?"

सब करते हैं! हे त्यानं मले धीर द्यायले म्हटलं.

३ मार्च, सोमवार

बिलासपूर. सकाळी निघालो, शिशिरनं रजा टाकली.

कोर्टात मी मागच्या भिंतीले टेकून उभी. विद्यापीठाचा वकील पुन्हा पुन्हा एकच म्हणून राहिला — पुनर्मूल्यांकनाची नियमात तरतूद नाही, चार तज्ज्ञांनी तपासलं, सरासरी काढली, विषय संपला. जज साहेबांनी माझं शपथपत्र वर धरलं. विचारलं, किती पानं? बत्तीस. किती वेळ? वकील कागद चाळायले लागला.

"पुनर्मूल्यांकन नियमात नाही, मान्य. पण पहिलं मूल्यांकन झालं कुठे?"



आदेश — राज्याबाहेरचे चार नवे परीक्षक, जुने गुण न दाखवता, पाच आठवड्यांच्या आत. तपासलेल्या पेपरची कॉपी श्रावणीले द्यायची.

बाहेर तिचे वडील होते, अभनपूरहून आलेले. पायाले हात लावायले वाकले — "आपने हमर नोनी ला बचा लिया." पोरीले वाचवलं म्हणे! मी मागे सरकली, भिंतीवर आदळली. श्रावणीनं त्यांले धरून उभं केलं. माझ्याकडे पाहिलं, हसली नाही. पण मान हलवली.

घरी येताना शिशिर म्हणे, "पास होईल पोट्टी. तिघांनी पन्नासच्या वर दिले होते नं!"

मी पण तेच धरून चालली आहे.

१९ मार्च, बुधवार

काही बातमी नाही. फोन वाजला की आधी नंबर पाहते, मग उचलते.

४ एप्रिल, शुक्रवार

चार नवे परीक्षक. तेहतीस. तीस. चौतीस. एकतीस.

म्हणजे माझे एकतीस बरोबर होते. न वाचता! मग त्या तिघांनी काय वाचून पन्नासच्या वर दिले?

श्रावणीचा फोन आला. मी उचलला. तीच म्हणाली, "मॅडम, कॉपी मिली. हर पन्ने पर निशान है. अब पता है, क्या-क्या पढ़ना है."