कलेक्टरची तपासणी

३ डिसेंबर २०२३

माय वं! बापूरावभाऊंची गाय पुन्हा उलटली. दसऱ्यापासून गावात हेच चाललंय. गाय माजावर येते, कलेक्टरकडे आणतात, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा हंबरत दारात. गाभण राहतच नाही एकही. बापूरावभाऊ आमच्या गोठ्यासमोर उभे राहून गायीलाच शिव्या देत होते. "भाकड निंगाली हे! इकूनच टाकतो."

कलेक्टर म्हणजे आमचा वळू. त्याची माय मेली तेव्हा माझ्या नवऱ्यानं, राजदीपनं, त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. कोणाच्याही धानाच्या बांधीत शिरतो, कोणी हूं म्हणत नाही, म्हणून नाव कलेक्टर. गावच्या सगळ्या गायी त्याच्याच भरवशावर.

पण शिव्या गायीलाच! माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू. का तापलं ते मला चांगलं माहीत आहे.

५ डिसेंबर

काढा प्यायले. जहर आहे नुसतं! आई — राजदीपच्या — चामोर्शीच्या बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून आणतात. आम्ही बौद्ध, घरात अंगारा-धुपारा चालत नाही. मी एकदा म्हटलं तर म्हणाल्या, "हे काई अंगारा नोहे, औषध हाय. पी." लग्नाला सात वर्षं झाली. काढे किती झाले कोण जाणे.

माझ्या तपासण्या उन्हाळ्यातच झाल्या, माहेरी, वरोऱ्याला. सगळं चांगलं आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता नवऱ्याला घेऊन या." आणते! कशी आणू? चौकात मित्र त्याला 'सांडवाला' म्हणून चिडवतात, तो हसतो, आणि घरी येऊन मुकाट्यानं कलेक्टरची पाठ घासत बसतो. त्याचं ते तोंड पाहिलं की माझी जीभच उचलत नाही.

९ डिसेंबर

काय दिवस गेला बाप्पा!

मूल गावातल्या जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर निशात मॅडम आल्या होत्या. राजदीपनंच बोलावलं. बापूरावभाऊ गाय घेऊन हजर — "हिले तपासा." मॅडम म्हणाल्या, "भाऊ, एक गाय उलटली तर गाय पाहायची. गावभरच्या उलटल्या तर आधी वळू पाहायचा."

वळूलाही तपासतात, हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

दात पाहिले, डोळे पाहिले, खूर उचलून पाहिले, अंगणात चालवून पाहिलं. मग टेप काढून अंडकोषांचा घेर मोजला. बायांनी तोंडात पदर कोंबले, आणि गावचे बाप्ये सगळे आभाळाकडे पाहू लागले. कलेक्टर मात्र शहाण्यासारखा उभा, राजदीपचा हात त्याच्या वशिंडावर होता म्हणून. मग बीजाचा नमुना घेतला; त्याची नळी मॅडमनी कोमट पाण्यात धरली, गारठ्यानं खराब होऊ नये म्हणून. आमच्याच टेबलावर मायक्रोस्कोप मांडला. मलाही पाहू दिलं.

"चांगलं असतं तर उकळत्या भातासारखं दिसलं असतं," त्या म्हणाल्या. मला नुसते ठिपके दिसले. एखाददुसरा जागच्या जागी थरथरत होता.

मॅडमनी विचारलं, "मधात ताप आला होता का याला?"

आला होता. पोळ्याच्या वेळेस लम्पी झाला होता, अंगभर गाठी. राजदीप गोठ्यातच झोपायचा तेव्हा.

"जोराच्या तापानं बीज जळते. कधी सुधारते, कधी नाही. मार्चमध्ये पुन्हा पाहू. तोवर गायी आणू नका." जाता जाता बापूरावभाऊंना म्हणाल्या, "गायीचा दोष नाही बरं, भाऊ."

मी मायक्रोस्कोपशी उभी होते. आईंकडे पाहायची हिंमत झाली नाही. राजदीप माझ्याकडे पाहत होता.

१० डिसेंबर

जेवता जेवता राजदीप भात तसाच टाकून उठला.

२१ जानेवारी २०२४

कलेक्टरला भिजवलेले हरभरे, गूळ, मॅडमनी सांगितलेली खनिजांची पावडर. एवढे लाड माझेसुद्धा नाहीत! मी म्हटलं तर राजदीप हसला. किती दिवसांनी!

मग एकाएकी म्हणाला, "दहावीत असतानी मले गालफुगी झाली होती. लय ताप होता. तुले मायनं सांगतलं का कधी?"

मी नाही म्हटलं. तो पुन्हा पाठ घासू लागला. मला त्या पाठीवर डोकं टेकवून रडावंसं वाटलं — कलेक्टरच्या नाही, त्याच्या.

१४ मार्च

नापास. मॅडमनी दोनदा पाहिलं. आता सुधारायचा नाही म्हणाल्या. गावासाठी दुसरा वळू आणावा लागणार, याला खच्ची करावं लागणार.

बापूरावभाऊ म्हणाले, "मंग आता काऊन पोसून राह्यला याले? देऊन टाक बाजारात."

राजदीप असा उसळला! "सांड नसन तं बैल होईन. माह्या घरचा हाय तो, भाऊ. कुठीच नाई जात." बापूरावभाऊच वरमले बिचारे.

२ एप्रिल

राजदीप चंद्रपूरला गेला, ट्रॅक्टरचा पार्ट आणायला. हात हलवत परत आला. "नाई भेटला." डोळे लाल. ऊन लागलं म्हणाला. कांदा चुरून दिला.

९ एप्रिल

पार्टसाठी पुन्हा चंद्रपूर. पुन्हा रिकामा. आल्या आल्या आईंना घेऊन मागच्या अंगणात बसला. मला वाटलं, वाटणीचं काहीतरी असेल.

१० एप्रिल

सकाळी काढा आला नाही. आईंनी चहा आणला. त्यांनी, मला! बाजेवर बसल्या आणि रडायलाच लागल्या. "राजदीपनं दोन खेपा तपासून घेतलं वं. दोष त्याच्यात हाय. म्हणे, रिनाले आता एक शब्द बोलायचा नाई. गालफुगीच्या तापाचं माह्या डोक्यातच नाई आलं, पोरी. अन् तुले मी काढे पाजत राह्यली."

गोठ्यात गेले. तो कलेक्टरच्या आडून मान खाली घालून म्हणाला, "तुले माहेरी जायाचं असन तं..."

मी म्हटलं, "कलेक्टरले धाडलं का जी आपण बाजारात?"

दोघंही हसलो. मग दोघंही रडलो.