मान देणारं झाड

५ फेब्रुवारी, सोमवार
मॅडम तीन आठवडे रजेवर. जाताना टेबलावरची लाडकी कॅलेथियाची कुंडी माझ्या हाती सोपवली. अख्ख्या ऑफिसात माझ्याच! उपप्रमुखाची खुर्ची रिकामी आहे, मॅडम आल्या की नाव जाहीर होणार. शहाण्याला आणखी काय सांगायचं? सोबत चिठ्ठी: आठवड्याला कपभर पाणी, ऊन नको. असं कोणी उपाशी ठेवतं का? रोज मगभर घालणार.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
बूट काढेपर्यंत झाडाची पानं हळूहळू उभी राहिली! बायको म्हणाली, या जातीची पानं अंधार पडला की उभी राहतातच. हिला काय कळतंय? या घरात मला बघून आजवर कोण उठलंय?

९ फेब्रुवारी
चष्मेवालीने (मला आठ वर्षं ज्युनिअर) विचारलं, मॅडमनी सांगितलंय तेवढंच पाणी घालताय ना? चोंबडी कुठली. घरी येऊन कुंडी गॅलरीत कडक उन्हात ठेवली.

१४ फेब्रुवारी
पानांच्या कडा करपल्या. कात्रीने गोल कापल्या. एकदम टापटीप. बायको हसली. दुर्लक्ष केलं.

१९ फेब्रुवारी
झाड आता उभं राहत नाही. साहजिक आहे. ओळख वाढली की औपचारिकता कमी होते.

२४ फेब्रुवारी, शनिवार
झाड बुडापासून हातात आलं. कुजका वास. मुळातच आजारी होतं, मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं (लिहायचं राहिलं). नर्सरीत गेलो. माळी म्हणाला, हे तसं दिसतं, पण ते नव्हे. दिसलं म्हणजे झालं! जुन्या कुंडीत बसवलं. बायको म्हणते, खरं सांगून मोकळे व्हा. म्हणजे खुर्चीवर पाणी सोडा! छातीत धडधडतंय. चहा जास्त झाला असेल.

२६ फेब्रुवारी, सोमवार
मॅडम खूश. म्हणाल्या, याची तब्येत सुधारली की! जिंकलो.
सहाला सगळे निघाले, मॅडम बसूनच. पानं उभी राहिलेली बघूनच म्हणे त्या रोज घरी जातात. मीही थांबलो. चष्मेवालीही. साडेसहा. सात. एक पान हलेना. मी म्हटलं, प्रवासाचा शीण असेल.
मॅडम शांतपणे म्हणाल्या, "झाडं मरतात हो. पण तुम्ही मला तासभर बसवून ठेवलंत."

२७ फेब्रुवारी
तशी ती खुर्ची मला नकोच होती. पाठ धरते तिच्यात.
दहाला नव्या उपप्रमुख आत आल्या. तोच चष्मा. सगळे उठून उभे राहिले.
मीही.