अर्धवट राहिलेले निरोप

३ मार्च

साहेबांना नवं खूळ. आमचं गप्पांचं अ‍ॅप ब्राउझरमध्ये जे साठवतं, ते सगळं जुन्या कोठारातून नव्यात हलवायचं. जुन्यात एक वस्तू ठेवेपर्यंत बाकी सगळं ठप्प. नवं म्हणतं — ठेवून जा, झालं की कळवतो. "म्हणजे कुणालाच थांबायला नको," साहेब खूश. माझा रजेचा अर्ज घेतानाही ते 'ठेवून जा, कळवतो' असंच म्हणाले होते. अजून कळवताहेत.

५ मार्च

ताईशी अबोला चालूच. बाबा तिच्याकडे असतात. मागच्या भांडणात म्हणाली, "तू नुसती फोनवरून माया करतेस." झोंबलं. तेव्हापासून तिकडे पाऊल टाकलेलं नाही.

रोज आमच्याच अ‍ॅपमध्ये तिचं पान उघडते, लिहिते, खोडते. सध्या चौकटीत एवढंच उरलंय — 'ताई, तुझं बरोबर होतं, पण'. त्या 'पण'च्या पुढे गाडी जात नाही. पाठवायचा धीर होत नाही, पुसवतही नाही.

१० मार्च

हलवाहलवीत एक अडचण. काही निरोपांवर 'पोचला' ही खूणच नाही. नेट गेल्यामुळे अडकले असणार, बिचारे. एक ओळ लिहिली — खूण नसेल तर पाठवून टाक. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

११ मार्च

तपासणीला 'तोफ' — आमचा टेस्टर. मनात येईल ते तोंडावर बोलतो, म्हणून हे नाव. "काम झकास. तुझा चेहरा मात्र भयंकर दिसतोय." त्याच्या मशीनवर सगळं सुरळीत.

१३ मार्च

उद्या सकाळी सगळ्यांसाठी सुरू. साहेबांनी आजच टाळ्या वाजवून घेतल्या.

१४ मार्च, सकाळ

आभाळ फाटलं!

ते निरोप अडकलेले नव्हतेच. लोकांनी लिहून, न पाठवता तसेच ठेवून दिलेले होते. आता जो अ‍ॅप उघडतो, त्याचे सगळे आपोआप जाताहेत. कुणाचा राजीनामा गेला. कुणाचं प्रेम गेलं, तेही घरमालकाच्या मुलीला. खुद्द साहेबांचा कंपनीच्या मालकांना गेला — 'तुमच्या अकलेची कीव येते'.

तोफेच्या मशीनवर हे दिसणार कसं? न पाठवलेलं असं त्याच्याकडे काही नसतंच.

आणि मग मला माझा आठवला. ताईचं पान उघडलं. चौकट रिकामी. निरोप गेलाय, 'पण'सकट. खाली खूण — 'पोचला'. अजून वाचलेला नाही. परतही घेता येत नाही. ती सोय साहेबांनी पुढच्या टप्प्यावर ढकललीय.

त्या 'पण'पुढे ताई सगळ्यात वाईट तेच जोडणार. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. बाबांना भेटायची उरलीसुरली वाट मी माझ्याच हातानं बंद केली. रडू येतंय, आणि समोर साहेब विचारताहेत, "किती वेळ लागेल?"

१४ मार्च, संध्याकाळ

ती ओळ काढली. साहेब मालकांच्या खोलीत गेलेत, दार बंद आहे.

ताईचा निरोप दुपारीच येऊन पडलाय — 'बाबा रोज तुझं विचारतात. मी जरा जास्तच बोलले, पण'. पुढे काही नाही. हा तिनं पाठवलेलाच नाही. माझा वाचायला अ‍ॅप उघडलं, आणि माझ्या ओळीनं तिचीही चौकट रिकामी केली.

फोन वाजतोय. ताई.